मुलीकडची बाई

माझ्या नोकरीचं नाव सांगितलं की समोरचा माणूस ‘अच्छा’ म्हणतो आणि विषय बदलतो. मी परिविक्षा अधिकारी आहे. बावीस वर्षं झाली, तरी माझ्या सख्ख्या बहिणीला मी काय करते ते धड सांगता येत नाही. ‘कोर्टाचं काहीतरी बघते’ म्हणून ती मोकळी होते. म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

एखाद्याच्या हातून पहिल्यांदाच गुन्हा घडला, तो शाबीत झाला, आणि न्यायाधीशांना वाटलं की ह्याला तुरुंगात धाडून कुणाचंच भलं होणार नाही, तर ते त्याच्याकडून चांगल्या वागणुकीचं बंधपत्र लिहून घेतात आणि घरी पाठवतात. घरी पाठवतात, पण मोकळं सोडत नाहीत. ठरवलेला काळ तो माझ्या देखरेखीखाली असतो. महिन्यातून एकदा त्यानं माझ्यापुढे हजेरी द्यायची, अधूनमधून मी त्याच्या घरी जायचं. त्या काळात पुन्हा कुणावर हात उचलला तर बंधपत्र मोडलं, आणि टळलेली शिक्षा परत पुढ्यात.

ह्या सगळ्याच्या आधी एक काम असतं, ते चौकशीचं. शिक्षा ठरण्याआधी न्यायाधीशांना कळायला हवं असतं की हा माणूस मुळात आहे कसा. मग मी त्याच्या गावात जाते, घर बघते, शेजारपाजारी बसते आणि विचारते. घरात कोण कोण असतं? शेती किती, पाण्याखाली किती? मुलगा कुठल्या कंपनीत, पर्मनंट की कॉन्ट्रॅक्टवर? पितो का? भावकीत कसं आहे? रागीट आहे की सोशिक?

वाचतावाचता तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात यायला मात्र बरीच वर्षं लागली. हेच प्रश्न ह्याच क्रमानं आपल्याकडे आणखी एका कामासाठी विचारले जातात.

चाकणच्या पुढे, राजगुरुनगरच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत एक गाव आहे. निम्मी जमीन कंपन्यांत गेलेली, उरलेल्या निम्मीत कांदा. त्या गावातला सव्वीस वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे चौकशीला आला होता. चाकणमधल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तो कामाला होता. एके दिवशी तो पहिल्या शिफ्टला असताना घरी त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. कामगारांचे मोबाइल गेटवर जमा, म्हणून आईनं लाइनच्या सुपरवायझरला फोन केला. सुपरवायझरनं निरोप दिला, पण शिफ्ट सुटल्यावर, दोन तासांनी. बदली माणूस नव्हता आणि लाइन थांबली असती तर त्याचीच खरडपट्टी निघाली असती. तोवर शेजाऱ्यांनी वडिलांना कांद्याच्या पिकअपमधून दवाखान्यात नेलं होतं. वडील वाचले, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले की तू असतास तरी काही फरक पडला नसता. पण ते म्हणाले चार दिवसांनी, आणि मुलानं सुपरवायझरवर पाना उचलला दुसऱ्याच दिवशी. सुपरवायझरचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

मुलानं कोर्टात सगळं कबूल केलं. गावात मात्र कुणाला पत्ता नव्हता. तो कोठडीत होता तेवढे दिवस घरच्यांनी ‘ट्रेनिंगला गेलाय’ सांगितलं, आणि नोकरी गेली तेव्हा ‘कंपनी बदलली’ सांगितलं. चाकणच्या पट्ट्यात कंपनी बदलणं हे शर्ट बदलण्याइतकं नेहमीचं, त्यामुळे कुणी खोलात गेलं नाही.

मी माझ्या पद्धतीनं गेले. माझी पद्धत म्हणजे स्कूटरवर पाटी नाही, गळ्यात ओळखपत्र नाही, हातात साधी कापडी पिशवी. ‘कोर्टाकडून आले’ हे घरच्यांखेरीज कुणापुढे उच्चारायचं नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम. एकदा गावात बभ्रा झाला की तो माणूस सुधारो न सुधारो, गाव त्याला सुधारू देत नाही, हे मी सुरुवातीच्या वर्षांत दोनतीनदा पाहिलं आणि कानाला खडा लावला.

शेजारच्या घरात मुलाची चुलती होती. साठीची, ठसठशीत कुंकवाची, आवाज असा की पलीकडच्या आळीत फोनची गरज नाही. मी ओटीवर टेकले आणि माझी प्रश्नावली सुरू केली. तिसऱ्या प्रश्नाला तिनं माझ्याकडे खालून वर पाहिलं, पदर सावरला आणि विचारलं, “मुलीकडच्या का?”

मी हसले.

हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही, नुसती हसले. मला वाटलं, बरं झालं, आयतं पांघरूण मिळालं. त्या क्षणी मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं, ते आठवलं की आजही स्वतःचे कान उपटावेसे वाटतात.

त्यानंतर काय विचारता! चहात साखर दुप्पट झाली. “पोरगं लाखात एक हाय बाई. तंबाखूला सुदिक हात लावत न्हाई. आईबापाचं असं करतंय, तुमची लेक सुखात ऱ्हाईल.” समोरच्या घरातली सून आली, तिनंही तेच सांगितलं. देवळापाशी दोन म्हातारे बसले होते, त्यांना आधीच वर्दी पोचली होती. “आमच्या गावात असं पोरगं न्हाई,” म्हणाले. चांगल्या स्थळात खोडा घालायचं पाप कोण करेल? मी अहवालात लिहिलं, ‘शेजाऱ्यांचे मत अत्यंत अनुकूल.’ निघताना चुलतीला माझा नंबरही दिला, मुलाबद्दल काही वेगळं कानावर आलं तर कळवा म्हणून. तिनं तो मोबाइलमध्ये ‘मुलीकडची बाई’ असा नातवाकडून टाकून घेतला होता, हे मला फार पुढे कळलं.

न्यायाधीशांनी त्याला दोन वर्षांच्या बंधपत्रावर माझ्या हवाली केलं.

माझी बसायची जागा पिंपरीत, दुसऱ्या मजल्यावर. एक टेबल, तीन खुर्च्या, एक पत्र्याचं कपाट आणि हजेरीचं रजिस्टर. त्याला दुसऱ्या कंपनीत काम मिळालं होतं, तेही कॉन्ट्रॅक्टवर. दर महिन्याला ज्या आठवड्यात पहिली शिफ्ट असेल त्या आठवड्यात तो यायचा. मोशीहून बसनं. जिन्यात कंपनीचा शर्ट काढून पिशवीतला साधा शर्ट घालायचा, मग आत. आमच्या इमारतीत त्याच्या कंपनीतलं काळं कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं, पण त्याला कोण समजावणार. सही करायचा, खाली मान घालून बसायचा आणि विचारलं तेवढंच बोलायचा.

पहिले चार महिने त्याच्या तोंडून ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ यापलीकडे काही निघालं नाही. मला शांत माणसांचा राग येतो. मी स्वतः भांड्याला भांडं लागलं की आधी बोलून मोकळी होणाऱ्यांपैकी. पाचव्या महिन्यात मी वैतागून म्हणाले, “अरे, राग आला की तुला नेमकं काय होतं, ते तरी सांग! का तेही मीच सांगू?”

तो पहिल्यांदा वर बघून बोलला. “कान गरम व्हत्यात मॅडम. आधी कान. मग काय ऐकू येत न्हाई.”

“मग कान गरम झाले की तिथून ऊठ. कुणी काही म्हणो, ऊठ आणि तोंडावर पाणी मार. मी पण तेच करते.”

“तुमालाबी व्हतंय?”

“तुझ्या रजिस्टरची शपथ.”

तो हसला. तेव्हापासून आमचं जमलं. मग वडिलांना बोलायचे व्यायाम कसे करून घेतो, आईला कंबरेचा त्रास आहे, नव्या लाइनवर कोण सारखं डिवचतं, असं सगळं यायला लागलं. तीनचार महिन्यांनी एकदा मी गावी जायचे. चुलती ओटीवरून हाक मारायची, चहा पाजायची आणि ‘अजून किती बघायचं बाई, पोराचं वय निघून चाललं’ असं प्रेमानं टोचायची. मी तशीच हसून वेळ मारून न्यायचे.

बंधपत्राचे चार महिने उरले असताना तो हजेरीला आला तो इस्त्रीच्या शर्टात. माझं लग्न जमतंय म्हणाला. मुलगी मारुंजीची. जुनं शेतकरी घर, आता जमिनीवर चार मजले उठलेले आणि वरचे तीन आयटीवाल्यांना भाड्यानं दिलेले. मुलगी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. दोघांची भेट झाली, पसंती झाली, आता सुपारी फुटायची बाकी. हे सांगताना त्याचा चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता इतका मोकळा होता. मग तो थांबला.

“मॅडम, त्यांना हे सांगायला लागंल का? केसचं?”

“कायद्यानं नाही,” मी म्हणाले. ते खरं होतं. बंधपत्र नीट पार पडलं की तो गुन्हा त्याच्या वाटेत आडवा येऊ नये, हीच तर कायद्याची इच्छा. त्याचा जीव भांड्यात पडला. माझा काही पडला नाही.

कारण माझ्या लग्नाआधी माझ्या वडिलांनीही चौकशी केली होती. मुलाच्या गल्लीत जाऊन चार घरी चहा प्यायले होते. चारही घरांनी सांगितलं की मुलगा सोनं आहे. चौथ्या वर्षी मी एका हातात पोरगी आणि एका हातात बॅग घेऊन माहेरी परत आले. त्या चार घरांतल्या एका बाईनं पुढे मला सांगितलं, ‘आम्हाला माहीत होतं गं तो पितो ते, पण जुळत्या लग्नात कसं बोलायचं?’ त्या बाईवर मी कित्येक वर्षं मनातल्या मनात भांडले आहे. आणि आता त्या मारुंजीच्या मुलीच्या बाबतीत तीच गप्प बाई मी होते.

पण कायदा कायदाच. त्याचे कागद गोपनीय, त्याची माहिती माझ्या तोंडून कुणाला जाता कामा नये. मी सही घेतली आणि शुभेच्छा दिल्या.

पंधरा दिवसांनी दुपारी मी डबा उघडला होता, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा आवाज पन्नाशीच्या पुढचा, जरा अवघडलेला.

“ताई, माफ करा हां, असा फोन करतोय. मी मारुंजीवरनं बोलतोय. तुमी चाकणकडं त्या पोराला बघायला जायच्या म्हणं.”

घास माझ्या तोंडात तसाच राहिला.

“त्या पोराच्या चुलतीनं नंबर दिला. म्हणाली, मुलीकडची एक बाई दोन वर्सं येतीय, पाच-सा वेळा आली, सगळं बघितलं, आन् बोलणीच केली न्हाईत. आता आमची सुपारी फुटायचीय. म्हटलं, एवढं बघून तुमी का सोडलं, ते इचारावं. तुमाला कायतरी दिसलं असंल ना ताई. लेकीचा परशन हाय. तुमचीबी लेक हाय, तुमी समजून घ्याल.”

माझी खरोखरच लेक आहे, तेवीस वर्षांची. त्याच्या डोळ्यांपुढे मी होते ती एक शहाणी आई, जिनं स्थळ पारखून नाकारलं. आणि गावाचा हिशेब चुकीचा कुठे होता? जी बाई दोन वर्षं घिरट्या घालते आणि मुलगी देत नाही, तिला काहीतरी सापडलेलंच असणार. माझ्या एका हसण्यानं मी त्या मुलाच्या लग्नाच्या वाटेवर स्वतः दगड आणून ठेवला होता.

खरं सांगावं तर नोकरीची शपथ मोडते. ‘काही नाही हो, मुलगा चांगला आहे’ म्हणावं, तर मी ती चार घरांतली बाई. आणि काहीच न बोलणं म्हणजे होकारार्थी मान हलवण्यासारखंच.

“मला दोन दिवस द्या,” मी म्हणाले. “मी फोन करते.”

“म्हंजी हाय कायतरी,” तो हळू आवाजात म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला शिफ्ट सुटल्यावर बोलावून घेतलं आणि झालं ते सगळं सांगितलं. चुलतीची समजूत, माझं हसणं, फोन, सगळं. तो ऐकत गेला तसे त्याचे कान लाल होताना मला दिसले.

“म्हंजी तुमीच केलं हे,” तो म्हणाला. “तवाच सांगायचं व्हतं ना, मी मुलीकडची न्हाई म्हून. दोन वर्सं मी मान खाली घालून येतोय. एक दिवस चुकलो न्हाई. आन् तुमच्या एका हसण्यापायी…”

“माझं चुकलं,” मी म्हणाले. तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण मी मी असल्यामुळे पुढे म्हणाले, “पण पाना मी उचलला नव्हता.”

खुर्ची मागे पडली. तो ताडकन उठला, दार आपटलं आणि गेला. त्याची पिशवी टेबलावरच राहिली. पडलेली खुर्ची मी उचलली नाही. रजिस्टर समोर होतं. अशा वेळी काय लिहायचं ते ठरलेलं असतं, ‘अधिकाऱ्याशी उद्धट वर्तन’. तीन शब्द. पेन हातात घेतलं आणि लाज वाटून खाली ठेवलं. तो बाहेर कुणाशी भिडला तर? चार महिने राहिले होते फक्त.

अर्ध्या तासानं दार हळूच उघडलं. केस ओले, कॉलर ओली, शर्ट पुढून भिजलेला.

“नळाला पाणी न्हवतं,” तो म्हणाला. “खाली चहावाल्याकडनं घेतलं.”

त्यानं खुर्ची उचलली, जागेवर ठेवली आणि बसला. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच कपाटाशी जाऊन फाइल शोधायला लागले.

“मीच सांगतो त्यांना,” पाठीमागून तो म्हणाला. “पर मला नीट बोलाया येत न्हाई. तुमी नुसत्या बसा बाजूला.”

हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. मी म्हणाले, रविवारी येते.

मारुंजीचं ते घर वर चार मजले आणि मागे गोठा असं होतं. भाडेकरूंच्या मोटारसायकलींच्या रांगेला लागूनच दोन म्हशी बांधलेल्या. मुलीच्या वडिलांनी दार उघडलं आणि त्याच्यासोबत मला पाहून चक्रावले. आम्ही बसलो. पाणी आलं. मुलीची आई पडद्याशी उभी राहिली. मुलगी मात्र बाहेर येऊन वडिलांच्या शेजारी खुर्चीवर बसली, ते मला आवडलं.

त्यानं सुरुवात केली ती तांब्याकडे बघत. मोडकंतोडकं, पण काही गाळलं नाही. बापाचा झटका, दोन तास, पाना, कोठडी, ‘ट्रेनिंग’ची थाप, बंधपत्र. संपल्यावर वडील माझ्याकडे वळले.

“मग तुमी कोण?”

“मी मुलीकडची नाही,” मी म्हणाले. “तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ह्याच्यावर लक्ष ठेवायला कोर्टानं नेमलेली बाई. ह्यानं परवानगी दिली म्हणून बोलते. दोन वर्षांत ह्यानं एकही हजेरी चुकवली नाही आणि कुणावर हात उचलला नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकते. गावातल्या लोकांनी जे गोड गोड सांगितलं, त्याची खात्री माझ्याकडे मागू नका.”

मागे म्हैस हंबरली. मग मुलीनं त्याला विचारलं, “कोणता हात मोडला होता त्यांचा?”

“उजवा.”

“आता वर जातो का?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. दोन वर्षं मी त्याची झोप, भूक, मित्र, मोबाइल, शिफ्ट, सगळं विचारलं होतं. ज्याला लागलं त्याचं काय झालं, हे माझ्या कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हतं आणि मला स्वतःहून सुचलंही नव्हतं. बावीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं ओशाळवाणं क्वचित वाटलं असेल.

“बघून या,” मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मग बोलू.”

बंधपत्रात जखमी माणसाला भेटण्याची मनाई नव्हती, ते मी पाहून घेतलं. आधी मी सुपरवायझरला फोन केला. मराठवाड्याकडचा माणूस, मोशीत भाड्यानं राहतो. त्याची तयारी नसेल तर विषय संपला, असं मी सरळ सांगितलं. “येऊ द्या की,” तो म्हणाला. “पण जेवायच्या वक्ताला नको. लेकरं असतेत घरी.”

मुलगा एकटा गेला. परत आला तो पुढच्या हजेरीलाच. त्या दिवशी जिन्यात शर्ट बदलला नव्हता, कंपनीच्या शर्टातच आत आला. बसला. मी रजिस्टर पुढे केलं नाही.

“दार त्यांच्या बायकोनं उघाडलं,” तो म्हणाला. “मला ओळाखलं. आत घ्यावं का न्हाई, तिला कळंना. ते आतनं म्हणाले, येऊ दे. मी पाया पडाय वाकलो तर पाय मागं घेतलं. म्हणाले, बस. मी काय काय बोलणार व्हतो, पाठ करून गेलो व्हतो, एक शब्द आठवंना. मग तेच म्हणाले, तुझे वडील कसे हायेत?”

त्यानं मान वर केली.

“त्यांनी इचारलं मॅडम. आधी त्यांनी इचारलं. म्हणाले, त्या दिवशी निरोप दाबून ठिवला ते माझं चुकलं, त्या राती मला झोप लागली न्हवती.”

“आणि हात?”

“खांद्याच्या वर जात न्हाई. लाइनवरनं काढलं त्यांना, आता स्टोअरला बसत्यात. मी निघालो तर म्हणाले, आलाच हायेस तर माळ्यावरचा तेवढा डबा काढून दे. बायकोचा हात पोचत न्हाई, माझा जात न्हाई.” त्यानं बाहीनं डोळे पुसले. “पिठाचा डबा व्हता. मी काढला. आन् मग मला कायतरीच झालं. तिथंच बसलो. ती बाई पाणी घेऊन आली.”

मी त्याला पाणी दिलं आणि स्वतःही प्यायले. खोटं कशाला सांगू, मीही रडले. मग आम्ही दोघांनी रजिस्टरवर सह्या केल्या.

हेच सगळं त्यानं मारुंजीला जाऊन सांगितलं असणार, कारण चार दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला.

“ताई, पोरगी व्हय म्हणतीय. माझंच मन मागंपुढं व्हतंय. सरकारी उत्तर नको. तुमची लेक असती तर दिली असती का?”

बावीस वर्षं मी न्यायाधीशांपुढे, पोलिसांपुढे, कंपन्यांच्या साहेबांपुढे सांगत आले आहे की ह्या माणसांना दुसरी संधी द्या. माझ्या घरात ती द्याल का, असं मला कुणीच कधी विचारलं नव्हतं. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. माझी पोरगी डोळ्यांपुढे आली. माझे वडील, ती चार घरं, ते चार कप चहा, सगळं आलं. तो माणूस पलीकडे फोन धरून होता, त्यानं घाई केली नाही.

“गेल्या महिन्यात विचारलं असतंत तर नाही म्हणाले असते,” मी म्हणाले. “तुमच्या मुलीनं त्याला त्या दारात पाठवलं. तो गेला. आज विचारताय तर हो. दिली असती.”

“बरं,” तो म्हणाला. थोड्या वेळानं परत म्हणाला, “बरं ताई.”

बंधपत्र संपलं तेव्हा मी शेवटचा अहवाल पाठवला. छापील मजकुराच्या खाली मी पेनानं एक ओळ वाढवली, की ज्यांना दुखापत झाली त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. कुणी विचारलं नव्हतं. आता प्रत्येक अहवालात ती माहिती मी काढते आणि लिहिते.

साखरपुड्याचं बोलावणं आलं. त्याच्या गावात, घरापुढे मांडव. तो माझ्या देखरेखीत उरला नव्हता, म्हणून गेले. साडी जरा बरी नेसले. वडिलांना खुर्चीत बसवलं होतं आणि ते येणाऱ्या प्रत्येकाला एकेक अक्षर जोडून ‘या’ म्हणत होते. मांडवात दोन बाजूंना सतरंज्या, एकीकडे नवऱ्या मुलाची माणसं, दुसरीकडे नवरीची. कुठे बसावं म्हणून मी मधेच उभी राहिले.

चुलतीनं मला लांबूनच हेरलं. भर मांडवात, आपल्या त्या आवाजात म्हणाली, “अगं बाई, ह्या इथं कशा? ह्या तर मुलीकडच्या! ह्या मुलीच्या न्हाई, दुसऱ्या!” सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. पाटावर बसलेल्या त्याचे कान लाल झाले. नवरीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ओठ दाबून हसू आवरलं.

मी मात्र ह्या वेळी हसले नाही.

“नाही हो,” मी म्हणाले, आणि त्याच्या आईशेजारी सतरंजीवर जाऊन बसले. “मी मुलाकडची.”